एमिलच्या दिव्यांची उघडझाप

१

एमिल ह्रिन्को शुक्रवारी दिवेलागणीला खाणीच्या वळणावर गेला, आणि शनिवारची न्याहारी आटपायच्या आत गावाने त्याचा मारेकरीही ठरवून टाकला. मारेकरी कोण, तर त्याची सख्खी मुलगी.

मी व्हर्ना कोस्टेल्निक. आमच्या डोंगरात कुणी अंथरुणाबाहेर मेलं की मरणाचं कारण लिहायला मला बोलावतात, कारण मतं देऊन लोकांनी मला कॉरोनर केलंय. पुरायलाही मलाच बोलावतात, कारण गावातलं मयतीचं एकमेव दुकान माझं. माझी जीभ तिखट आहे म्हणतात. असेल. माझ्या गिऱ्हाइकांपैकी अजून कुणी तक्रार केलेली नाही.

एमिलची गाडी लेनी बुचेकच्या भंगारवाड्यात ओढून आणली होती. एकावन्न सालची, हिरवी, गोल पाठीची. कोळशाची खाण बंद पडल्यावर या गावात अभिमानाने दाखवावं असं फार काही उरलं नाही, त्यात ही गाडी एक होती. आता तिची डावी बाजू चेपून आत गेली होती. उजवा हेडलाइट मात्र जसाच्या तसा, काचेला तडासुद्धा नाही.

"सरळ केस आहे," सार्जंट ड्वायर म्हणाला. "अंधारून आलं, दिवे गेले, म्हातारा सरळ गेला आणि रस्ता वळला. आठवड्यापूर्वी दिव्यांचं काम पोरीने केलं होतं. म्हणते सगळं नवं घातलं. नव्या जाड तारा, दोन रिले, दोन फ्यूज. शोध बघू कुठे आहेत ते."

जुन्या गाडीत दिव्यांची सगळी वीज डॅशबोर्डातल्या एका स्विचमधून जाते. रिले बसवला की स्विचने नुसता हुकूम द्यायचा, ओझं रिलेने उचलायचं. डबीएवढी वस्तू असते, लपत नाही. मी शोधलं. रिले नव्हते, फ्यूज नव्हते, नव्या ताराही नव्हत्या. कापडात गुंडाळलेल्या मूळच्या तारा तेवढ्या दिव्यामागे तुटून लोंबत होत्या. कुठली कशाला जोडलेली होती ते कळायला मार्ग नव्हता.

"एकतर काम केलंच नाही आणि आता खोटं बोलतेय, नाहीतर अर्धवट केलं," ड्वायर म्हणाला. "अपघात, कारण हलगर्जी. लिहून टाक."

"घाई तुला आहे. मला नाही, एमिललाही नाही."

मी गुडघे टेकून बॉनेटखाली डोकं घातलं. उजव्या दिव्याच्या काचेभोवतीच्या गोल कडीचे स्क्रू डोळ्यांसमोर होते, सगळ्यांच्या खाचा अगदी उभ्या. काम नीटनेटकं आहे, एवढंच तेव्हा मनात आलं. मग आतल्या पत्र्यावर हात फिरवला. सगळीकडे धुळीचा आणि तेलाचा थर, आणि मध्येच एक चौकोन स्वच्छ. त्यात दोन भोकं, कडा अजून चकचकीत.

तिथे काहीतरी बसवलेलं होतं. ते कुणीतरी काढलं होतं. एमिल मरायच्या आधी की नंतर, तेवढं मला ठाऊक नव्हतं.

२

आयरीना ह्रिन्को वीज कंपनीत खांबावर चढायचं काम करते. बर्फाच्या वादळात अख्खं खोरं काळोखात बुडतं तेव्हा तीच वर चढून उजेड आणते. ती स्वयंपाकघरात बापाचं जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. शेजाऱ्यांनी आणून दिलेली कोबी-नूडल्सची भांडी ओट्यावर तशीच झाकलेली होती.

"मंगळवारी दहाला चर्च," मी म्हणाले. "पेटीला सहा खांदेकरी ठरलेत. तू पहिल्या बाकावर."

"मी येणार नाही, व्हर्नामावशी."

"बापाच्या मयतीला?"

"ज्याला आपण मारलं त्याच्या पेटीशी उभं राहायचं, लोकांचे हात हातात घ्यायचे. मला जमणार नाही."

तिने ते रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला भीती वाटली. अशी माणसं मी पाहिली आहेत. बापाला पुरायला येत नाहीत आणि पुढे जन्मभर त्याच खड्ड्याच्या काठावर बसून राहतात.

"काय काय केलंस ते सांग."

"बाबांना तिन्हीसांजेला दिसत नव्हतं. म्हणून जास्त उजेडाचे बल्ब घातले. समोरची काच जुन्याच घाटाची, म्हणजे ते कुरकुरायला नकोत. त्या बल्बांना वीज जास्त लागते, म्हणून जाड तारा आणि रिले. प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील. जुन्या तारा फेकल्या नाहीत, शेजारीच बांधून ठेवल्या. बाबांना जुनं फेकवत नाही."

"रिले तिथे नाहीत."

"ड्वायर म्हणाला. मग लावले नसतील." तिने जाकिटाची कॉलर सरळ केली. "कालपासून आठवतेय. लावलेले आठवतात. पण शपथेवर विचारलंस तर आता सांगता येत नाही."

"गप. तिथे चौकोन आहे आणि दोन ताजी भोकं आहेत. वेड लागलेल्या बाईने पाडलेली नाहीत."

आयरीनाने पहिल्यांदा वर पाहिलं.

"एमिलने स्वतः काढले असतील?" मी विचारलं.

"बाबांना जेवायचा काटा धरवत नव्हता, मावशी. हात इतके थरथरायचे की दर गुरुवारी चर्चमध्ये पिरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या, करायला जायचे, तिथेही सगळे कडा दाबत बसायचे आणि यांच्याकडे बटाटे कुस्करायचं काम." तिचा आवाज तिथे चिरकला. "मग काढले कुणी?"

३

लेनी बुचेकचं नाव गाव घेणार हे ठरलेलं होतं. गाडी त्याच्या वाड्यात, आणि वाड्यात आलेली गाडी तो कोंबडीसारखी सोलतो. वर एमिलकडे ती गाडी त्याने कितीदा मागितली होती.

"मागितली होती," लेनी म्हणाला. "तो म्हणायचा, माझ्या मढ्यावरून घेऊन जा. आता तसंच झालं, आणि तिच्याकडे बघवत नाही. मी चोर आहे, व्हर्ना, पण गिधाड नाही."

"गाडी आणल्यावर कुणी हात लावला?"

"ड्वायरने. तू. माझ्या कुत्र्याने चाकावर पाय वर केला, तेही लिहून घे."

लेनी खोटं बोलतो तेव्हा जास्त गोड बोलतो. तेव्हा तो गोड बोलत नव्हता. पण एवढ्यावर कुणी सुटत नाही.

तिथून मी हार्लन प्रॉसरकडे गेले. हार्लन म्हणजे आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आणि एमिलचा जन्माचा दोस्त. ती हिरवी गाडी कोंबड्यांच्या खुराड्यातून बाहेर काढली ती दोघांनी मिळून. त्याच शनिवारी अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये प्रदर्शन व्हायचं होतं आणि बाहेरगावचे परीक्षक येणार होते. त्यांचा नियम असा, की गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. नवा नट दिसला तरी गुण कापतात. माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात, पण कुठल्या सालच्या गाडीला कुठल्या रंगाची वायर होती ते विसरत नाहीत.

हार्लनचं स्वयंपाकघर देवघरासारखं. कपांचे कान एका दिशेला, टॉवेलाची घडी कडेला कड, दारापाशी दिव्याच्या बटणाची पितळी पट्टी लखलखीत, तिचे स्क्रूही एका रेषेत. विधुराच्या घरात अशी टापटीप बघून मला नेहमी वाईट वाटतं.

"शुक्रवारी मीच त्याला बोलावलं," तो म्हणाला. "म्हटलं, गाडी आदल्या दिवशीच हॉलवर आण, दोघं मिळून पॉलिश मारू. उजेड असताना निघ म्हटलं होतं. वाटेत बहिणीकडे कोबीचे रोल खायला थांबला."

"आयरीनाच्या कामाबद्दल काय वाटतं?"

त्याने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. कान पुन्हा त्याच दिशेला.

"मी पोरीला दोष देत नाही. वय लहान, उत्साह दांडगा. लोकांनी तिला माफ करावं."

दोष नाही म्हणत म्हणत त्याने तो पुरता तिच्या पदरात बांधला. मला राग आला, पण दुःखात माणूस काहीही बोलतो म्हणून सोडून दिलं.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ओपल रीसने माझी बाही धरली. ओपल शाळेची बस चालवते. शुक्रवारी फुटबॉलची पोरं घेऊन ती समोरून येत होती, एमिलला जिवंत पाहणारी शेवटची तीच.

"व्हर्ना, त्याने आमचा जीव वाचवला गं. वळणाच्या अलीकडे त्याने दिवे मिचकावले. म्हटलं पुढे हरणं असतील. मी बस अगदी हळू केली."

आमच्याकडे समोरच्याला सावध करायची हीच रीत, हरीण असो की पोलीस.

"हरीण होतं?"

"दिसलं नाही. पण तो मिचकावतच होता. लागले, विझले, लागले, विझले. अगदी एकसारखे. मग विझले ते मी पुढे जाईपर्यंत विझलेलेच." ती डोळे पुसत होती. "मरता मरता माणूस दुसऱ्याचा विचार करतो."

हात थरथरणारा माणूस वळणावर स्टिअरिंग सोडून एकसारखे दिवे मिचकावेल, हे मला पटेना. आणि दिवे तसे आपणहून मिचकावताना मी एकदा पाहिले होते, माझ्याच शववाहिनीचे.

४

सोमवारी सकाळी मी आयरीनाला हाताला धरून लेनीच्या वाड्यात नेलं. ती गाडीकडे पाठ करून उभी राहिली.

"तिकडे बघू नकोस. या फळीकडे बघ," मी म्हणाले. "मला वीज किती कळते ते तुला ठाऊक आहे. जोडणी तू कर."

फळीवर एमिलच्या गाडीतून काढलेला स्विच, लेनीकडची बॅटरी, आणि त्याच्याच ढिगातले दोन जुन्या पद्धतीचे दिवे. हात कामाला लागले की माणूस थोडा सावरतो. तिने तारा सोलल्या, जोडल्या, स्विच ओढला. दिवे पिवळट लागले. आम्ही कॉफी प्यायलो, लेनीने कुत्र्याचा एक किस्सा सांगितला, दिवे तसेच जळत होते.

"आता तुझे लाव."

एक एमिलच्या गाडीचा वाचलेला उजवा दिवा, दुसरा तिच्याकडचा जादा. या खेपेला उजेड पांढराशुभ्र पडला. लेनीने शिट्टी मारली. आम्ही वाट बघत राहिलो. आयरीनाने स्विचवर बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं.

"तापलाय."

टक् असा बारीक आवाज झाला आणि दोन्ही दिवे गेले. जरा वेळाने पुन्हा टक्, आणि लागले. पुन्हा गेले. पुन्हा लागले. दर खेपेला विझलेले जास्त वेळ राहायला लागले.

बोलायची गरज नव्हती, पण मी बोलले, कारण तिला ते कानांनी ऐकायला हवं होतं. "या जुन्या स्विचच्या पोटात धातूची एक बारीक पट्टी असते. वीज जास्त झाली की ती तापून सुटते, निवली की परत चिकटते. माझ्या नवऱ्याने शववाहिनीला दांडगे बल्ब लावले होते, तेव्हा भर मयतीत गाडीने असेच डोळे मिचकावले. तुझी जोडणी जागेवर असती तर स्विचवर ओझंच आलं नसतं. आणि काही बिघडलंच असतं तरी एक फ्यूज गेला असता, एक दिवा गेला असता. दोन्ही एकदम मिचकावणं तुझ्या जोडणीत शक्य आहे का?"

"नाही." ती फळीकडे बघत होती. "शक्यच नाही."

"ओपलने दोन्ही मिचकावताना पाहिले. म्हणजे एमिल वळणावर पोचला तेव्हा रिले गाडीत नव्हते. लेनीने वाड्यात काढले म्हणावं, तर मेलेल्या गाडीचे रिले काढून जिवंत गाडीचे दिवे विझत नाहीत. लेनी, तू सुटलास."

"मेहेरबानी," लेनी म्हणाला.

"कुणीतरी आधी रिले काढले आणि जुन्या तारा परत जोडल्या. बल्ब मात्र तुझेच ठेवले. जोडायला हेडलाइटची कडी उघडावी लागते ना?"

"हो. पुढचे स्क्रू काढून."

मी तिला गाडीपाशी नेलं. या वेळी ती आली. स्क्रूच्या खाचा दाखवल्या, सगळ्या उभ्या.

"हे तू केलंस?"

"मी? स्क्रू घट्ट बसला की माझं काम संपलं. खाच कुठे का बघेना." ती वाकली आणि तशीच थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिलाही नाव सुचलंय. "असं काम एकच माणूस करतो. बाबा त्याची चेष्टा करायचे. म्हणायचे, हा मेल्यावर याच्या पेटीचे स्क्रूसुद्धा उठून सरळ करेल."

मला पितळी पट्टी आठवली.

५

हार्लनने दार उघडलं. मी आत जाऊन बसले नाही. दिव्याच्या बटणापाशी उभी राहिले आणि पट्टीवरच्या स्क्रूवर नख ठेवलं.

"घरातला प्रत्येक स्क्रू असाच?"

"सवय," तो म्हणाला. "प्रदर्शनाच्या गाड्यांना तसेच लागतात."

"गुरुवारी एमिल चर्चमध्ये बटाटे कुस्करत होता. आयरीना कामावर. त्याच्या गॅरेजची किल्ली तुझ्याकडे कायमचीच. एमिलच्या दिव्याचे स्क्रू कुणी सरळ केले, हार्लन?"

त्याने फळीवरून कॉफीचा एक डबा काढून टेबलावर ठेवला. आत दोन रिले, दोन फ्यूज, तारांची गुंडाळी, सगळं पुसून, फडक्यात बांधून ठेवलेलं. त्याने फेकून दिलं असतं तर मला काही सिद्ध करता आलं असतं की नाही, देव जाणे. पण चांगली वस्तू फेकायला त्याचाही हात धजत नव्हता.

"रविवारी परत बसवणार होतो," तो म्हणाला. "परीक्षक शनिवारी जाणार, मी रविवारी बसवणार. एमिलला कळलंही नसतं. बॉनेट उघडलं की ते काळे डबे पहिले दिसायचे. इतकी वर्षं आम्ही त्या गाडीला दुसऱ्या कशाचा डाग लागू दिला नव्हता."

"लावून पाहिलेस दिवे?"

"पाहिले. लागले."

"मिनिटभर."

"मिनिटभर," तो म्हणाला.

"आणि पोरीला माफ करा म्हणून सांगत हिंडलास."

"तिचं लोक चूक झाली म्हणून विसरतील असं वाटलं. माझं कुणी विसरणार नाही." त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याची कीव येत नव्हती. "ड्वायरला सांगणार?"

"ड्वायरला तू सांगशील. त्याच्याआधी तिला सांगशील. ती बाहेर माझ्या गाडीत बसलीय."

आयरीना आत आली. उंबऱ्यातच तिला डबा दिसला. हार्लन उभा राहिला, तिला म्हणाला, "मी काढले, आयरीना." मला वाटलं ती किंचाळेल, डबा उचलून मारेल. तिने रिले हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, आपलेच आहेत याची खात्री करून घेतल्यासारखे.

"रिले काढलेत तर बल्बही काढायचे होते, हार्लनकाका. जुने बल्ब खोक्यात तिथेच होते. तेवढं केलं असतंत तरी बाबा पोचले असते. बल्ब का नाही काढलेत?"

हार्लनने टेबलावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

"पाहिले होतेत ना? कडी उघडली म्हणजे पाहिलेच."

"पाहिले."

"मग?"

"समोरून काच जुनीच दिसत होती," तो म्हणाला. "बल्ब दिसत नव्हते."

आयरीनाने डबा उचलला, छातीशी धरला आणि बाहेर निघून गेली.

६

मंगळवारी दहाला ती चर्चमध्ये आली. पहिल्या बाकावर बसली. मी माझ्या कागदावर मरणाचं खरं कारण लिहिलं होतं आणि ड्वायरला ते सकाळीच कळलं होतं. हार्लनचं पुढे काय व्हायचं ते वकील ठरवतील. कारण काहीही लिहिलं तरी एमिल पेटीतच होता. शनिवारी पोरीला नावं ठेवणाऱ्या बायका तिला मिठ्या मारायला पुढे आल्या, तेव्हा मात्र मी मध्ये उभी राहिले. माझ्या तोंडात काय काय आलं होतं ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

पेटी उचलायची वेळ झाली. सहा खांदेकऱ्यांतले पाचच उभे होते. डाव्या बाजूची मधली मूठ हार्लनची ठरली होती. कुणी काही बोलायच्या आत आयरीना उठली आणि तिने ती मूठ धरली. खांबावर चढणारे हात, पेटी तिच्या बाजूला जराही झुकली नाही.

बाहेर गाड्या रांगेत लागल्या. आमच्याकडे मयतीच्या गाड्या भर दिवसा हेडलाइट लावून जातात, आणि प्रत्येक गाडीपाशी जाऊन ते सांगायचं काम माझं. आयुष्यभर सांगत आलेय. त्या दिवशी मात्र मी पहिल्या गाडीपाशी नुसती उभी राहिले.

"मी सांगते, मावशी," आयरीना म्हणाली.

ती एकेका काचेवर टकटक करत गेली. दिवे लावा. दिवे लावा. रांगेच्या शेवटी, जरा अंतर सोडून, हार्लनची गाडी होती. तो चर्चमध्ये आला नव्हता, आत एकटाच बसला होता. ती तिथपर्यंत जाईल असं मला वाटलं नव्हतं. ती गेली. त्याने काच खाली केली.

"दिवे लावा, हार्लनकाका."

त्याने लावले. आयरीना गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली, दोन्ही नीट लागलेत का ते तिने बराच वेळ बघितलं, आणि मग बापाची पेटी ठेवलेल्या शववाहिनीत येऊन माझ्याशेजारी बसली.